सोलांज येईपर्यंतचा स्वयंपाक

१२ नोव्हेंबर, रविवार

सोलांज बहिणीकडे आन्सीला गेली त्याला बरेच दिवस झाले. तळ्याकाठची हवा तिच्या गुडघ्यांना मानवते. जाताना हिवाळी कोट नेला, ते ठीकच. शिवणयंत्रही नेलं. म्हणजे तिथे रिकामा वेळ भरपूर असणार.

दारात उभी राहून ती शेवटचं काय म्हणाली ते नीट लिहून ठेवतो, कारण आमची मुलगी क्लेमांस त्याचा भलताच अर्थ लावते. सोलांज म्हणाली, रोलाँ, आता तूच रांध, तूच ढवळ आणि तूच चुका काढ. तिन्ही सूचना अगदी स्पष्ट आहेत. निवृत्त झाल्यापासून मी रोज ओट्यापाशी खुर्ची टाकून बसायचो आणि तिच्या सॉसचं तापमान घ्यायचो. हयात वजन-माप खात्यात गेली, सवय कुठे जाणार. तिला वाटलं असेल, नुसतं मोजण्यापेक्षा यानं शिकावं. अपेक्षा रास्त आहे.

तर ठरलं. पायापासून सुरुवात. आधी स्टॉक, मग सॉस, मग गोडाची सारणं. सगळं जमलं की तिला कळवायचं, म्हणजे ती येईल. जानेवारीत राजांचा सण आहे, तोवर हात बसलेला असेल.

मोठं पातेलं विकत आणलं. घरातलं सापडलं नाही. बहुतेक तेही आन्सीला गेलंय.

१५ नोव्हेंबर, बुधवार

वासराची हाडं आणली. खाटकानं विचारलं, कुत्रा कुठल्या जातीचा घेतलात. मी सांगितलं, स्टॉक करणार आहे. तो बरं म्हणाला आणि हाडांचे लहान तुकडे करून दिले.

हाडं ओव्हनमध्ये लालसर भाजली, कांद्याला लवंगा टोचल्या, गाजर, सेलरी, पाल्याची जुडी. नियम एकच आहे. उकळी फुटू द्यायची नाही, पाणी नुसतं थरथरत ठेवायचं आणि वर येणारी मळी काढत राहायची. हे मी सोलांजला कितीदा सांगितलं असेल. पेपर वाचायला जरा बसलो. उकळी फुटली. मळी आतल्या आत जिरली आणि सगळं गढूळ झालं. गॅसची शेगडी जुनी आहे, ती एकदम तापते. माझ्या पद्धतीत दोष नाही.

समोरच्या दारातल्या मादाम ब्रुयास आल्या. म्हणाल्या, जिन्यात तीन मजले हाडांचा वास सुटलाय, आणि सोलांज कधीची दिसली नाही, पोलिसांना बोलावू का. मी म्हटलं, ती आन्सीला आहे. त्या म्हणाल्या, माहितीये हो, परवाच फोन आला होता तिचा.

म्हणजे मादाम ब्रुयासना फोन येतो. मला येत नाही. विचार केल्यावर लक्षात आलं, की माझी प्रगती कशी चाललीय ते ती परस्पर विचारून घेते. थेट विचारलं तर माझ्यावर दडपण येईल. पूर्वीपासून समजूतदार आहे.

१९ नोव्हेंबर, रविवार

दुसरा प्रयत्न. सकाळपासून हललो नाही. मळी काढली, पुन्हा काढली. पाणी नुसतं थरथरलं. संध्याकाळी रंग असा आला, की थंड चहासारखा आरपार दिसावा. सोलांजच्या स्टॉकला असा रंग आलेला मला आठवत नाही.

मग गाळला. चाळणी सिंकमध्ये ठेवली आणि पातेलं तिच्यावर उपडं केलं. हाडं चाळणीत राहिली. स्टॉक सिंकमधून गेला.

चाळणीखाली भांडं ठेवायचं असतं. मला माहीत होतं. हाडांकडे बघत उभा राहिलो. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, पण काही वाटलं नाही. चाळणी धुतली.

तत्त्वतः स्टॉक तयार झाला होता. तो विषय पूर्ण झाला असं धरतो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुढच्या कामासाठी तात्पुरते स्टॉकचे क्यूब आणले. हे क्यूब म्हणजेही शेवटी स्टॉकच, फक्त दुसऱ्या कोणीतरी आटवलेला. डबा कपाटात मागे ठेवलाय. सोलांज अशा गोष्टींना नावं ठेवते.

३ डिसेंबर, रविवार

पांढरा सॉस. लोण्यात मैदा परतायचा, दूध घालत ढवळायचं. पोरांचं काम. गुठळ्या झाल्या. गाळला. गाळल्यावर जे उरलं ते दूधच होतं म्हणायला हरकत नाही. पुन्हा केला. या खेपेला इतका घट्ट झाला, की चमचा उभा राहिला. दोन्ही एकत्र केले. तापमान अगदी बरोबर होतं.

चव कळेना. हल्ली तोंडाला चवच नाही. सर्दी असावी. वाटी घेऊन मादाम ब्रुयासकडे गेलो. त्यांनी चाखला आणि पाण्याचा ग्लास मागितला. म्हणाल्या, मुस्यू व्हेर्ने, मीठ तुम्ही किती वेळा घातलंत. मला आठवेना. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काही जेवता का. मी म्हटलं, मी सॉस करतो. त्या म्हणाल्या, सॉस ओतायला खाली काहीतरी लागतं.

मुद्दा बरोबर आहे. पण तो माझ्या अभ्यासक्रमात नाही.

८ डिसेंबर, शुक्रवार

आज दिव्यांचा सण. अख्ख्या लियोंच्या खिडक्यांत पणत्या. आमच्याकडे त्या सोलांज लावते. काचेचे पेले कुठे ठेवते ते मी कधी विचारलं नव्हतं. मादाम ब्रुयास दार वाजवून म्हणाल्या, अख्ख्या गल्लीत तुमचीच खिडकी अंधारात आहे, लोकांना वाटेल घर विकायला काढलंय. शेवटी कस्टर्डच्या वाट्यांत मेणबत्त्या लावल्या.

त्यापायी आज कस्टर्ड राहिलं. हॉलंडेज मात्र केला. अंडी आणि लोणी, मंद आच. फाटला. लोणी एकीकडे, अंडं दुसरीकडे. त्यात गार पाणी घातलं की तो सावरतो म्हणतात. सावरला नाही. बोट भाजलं, फोड आल्यावर कळलं. सॉस या विषयाचंही थिअरीचं अंग पक्कं झालं आहे.

१५ डिसेंबर, शुक्रवार

क्लेमांसचा फोन. आधी हवापाण्याचं बोलली, मग म्हणाली, बाबा, तुला एक सांगायचंय, बसलायस ना. मी उभा होतो, ढवळत होतो. म्हणाली, आईनं आन्सीत जागा भाड्यानं घेतलीय, मावशीच्या घराजवळच. तीन वर्षांचा करार केलाय. मग म्हणाली, बाबा, ऐकतोयस ना.

मी विचारलं, स्वयंपाकघर कसं आहे. ती म्हणाली, हे काय विचारतोस. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, छोटंसं आहे, दोन शेगड्या, ओव्हन नाही.

ऐकून बरं वाटलं. ओव्हनशिवाय हाडं भाजता येत नाहीत. दोन शेगड्यांवर सोलांजसारखी बाई फार दिवस काढणार नाही. बहिणीचं घर लहान आहे, तिला अडचण नको म्हणून घेतली असेल जागा. करार तर कमीत कमी तीन वर्षांचेच करतात.

हे क्लेमांसला समजावून सांगितलं. मग तिचा नवरा यान फोनवर आला आणि फुटबॉलबद्दल बोलला. आम्ही दोघंही फुटबॉल बघत नाही.

२५ डिसेंबर, सोमवार

क्लेमांस आणि यान ब्रिटनीला त्याच्या घरी गेले. मला बोलावत होते. मी जुन्या सहकाऱ्यांकडे जेवण असल्याचं सांगितलं. कस्टर्ड केलं. घट्ट झालं नाही, तसंच प्यालो. दुपारभर खुर्चीत बसलो. ओट्यावर मोजायला काही नव्हतं.

३० डिसेंबर, शनिवार

मोठी बातमी. ७ जानेवारीला सोलांज येतेय. क्लेमांसनं गळ घातली, की राजांची गालेत आपण सगळे मिळून खाऊ. सोलांज हो म्हणाली. क्लेमांसनं मला बजावलं, बाबा, ती जेवायला येतेय, राहायला नाही, डोक्यात काही घेऊ नकोस. मी डोक्यात काही घेतलेलं नाही. मी नियोजन करतोय.

गालेत म्हणजे पापुद्र्यांचा, सारण भरलेला गोल केक, आणि त्या सारणात एक बी दडवतात. पूर्वी खरोखरीची बी असायची, आता चिनी मातीची असते. आमच्याकडची म्हणजे नखाएवढी मेंढी. बी ज्याच्या तुकड्यात निघेल त्याच्या डोक्यावर मुकुट. बाईला निघाली तर ती राणी, आणि तिनं सगळ्यांसमोर आपला राजा निवडायचा. शिवाय पुढच्या रविवारची गालेत तिनंच आणायची. म्हणजे सोलांजला बी मिळाली, की तिला मला राजा करावं लागणार, आणि १४ तारखेला परत यावं लागणार. दोन आठवडे लागोपाठ आली, की मग कशाला जाईल.

तुकडा कुणाचा हे ठरवतं घरातलं सगळ्यात लहान माणूस, टेबलाखाली बसून. आमच्याकडे अजून क्लेमांसच. चौतीस वर्षांची आहे. तिला फोन केला, की मी सुरीनं टेबलावर हलकेच टकटक केलं की तू आईचं नाव घे. ती म्हणाली, बाबा, ही लबाडी आहे. मी म्हटलं, ही व्यवस्था आहे. मग ती म्हणाली, बरं.

४ जानेवारी, गुरुवार

सारणाची रंगीत तालीम. निम्मं कस्टर्ड, निम्मं बदाम, लोणी आणि साखर. कस्टर्डची भुर्जी झाली. पुन्हा केलं, तळाला लागलं. तिसऱ्यांदा मादाम ब्रुयासना बोलावलं, केवळ निरीक्षक म्हणून. निरीक्षण करता करता त्यांनी माझ्या हातातून चमचा घेतला आणि म्हणाल्या, त्या थर्मामीटरकडे नका बघू, पातेल्यात बघा. कस्टर्ड उत्तम झालं. पद्धत माझीच होती.

वरचे पापुद्रे तयार आणले. माझा विषय स्टॉक, सॉस आणि सारण. पापुद्रे यात येत नाहीत.

मादाम ब्रुयासना विचारलं, सोलांज फोनवर माझ्याबद्दल काय विचारते. त्या म्हणाल्या, तुमच्याबद्दल नाही हो, ती माझ्या मांजरीबद्दल विचारते.

६ जानेवारी, शनिवार

गालेत भरली. बी आत ठेवली आणि त्या जागी वरून बारीकशी खूण केली. दाढी केली. सोलांजला आवडणारा निळा स्वेटर शोधला. मिळाला. एका बाहीला कसर लागलीय, ती बाजू भिंतीकडे राहील असा बसेन.

७ जानेवारी, रविवार

पार पडलं. एकंदरीत फार छान.

सोलांजनं बेल वाजवली. चावी तिच्याकडे आहे, विसरली असेल. कोट हातात धरून उभी राहिली आणि कुठे ठेवू म्हणाली. केस कापलेत. टवटवीत दिसत होती, हवा मानवलीय. तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली नाही, यानच्या शेजारी बसली.

कोंबडीवर क्रीमचा सॉस होता. त्यात क्यूब आहे हे तिनं पहिल्या घासाला ओळखलं असणार, पण बोलली नाही. चांगला झालाय म्हणाली. पूर्वी इतकं सहज कौतुक करत नसे. मी तापमान सांगितलं. तिनं मान डोलावली.

मग गालेत. क्लेमांस टेबलाखाली गेली. गुडघे मोडले माझे, पुढच्या वर्षी कोणीतरी पोर काढा रे, असं खालून ओरडली. यान म्हणाला, तुझ्याशिवाय कसं काढू. सोलांज हसली. मी कापत होतो. खुणेचा तुकडा आल्यावर सुरीनं टकटक केलं. खालून आवाज आला, आईला.

सगळे जपून चावत होते. मी सोलांजकडे बघत नव्हतो, म्हणजे फार बघत नव्हतो. तिनं सगळा तुकडा खाल्ला, सारण छान जमलंय म्हणाली. बी कोणालाच मिळाली नाही.

क्लेमांसला यानचा संशय. मागच्या वर्षी त्यानं गालेत आणावी लागू नये म्हणून बी गालात दाबून ठेवली होती. तिनं त्याला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. सोलांज रुमाल तोंडाशी धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग यान म्हणाला, तुम्ही घालायलाच विसरलात वाटतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, असेल बुवा. मुकुट डब्यातच राहिला.

संध्याकाळच्या गाडीनं गेली. निघताना दोन्ही गालांना गाल लावले. मादाम ब्रुयासही असाच निरोप घेतात.

बी मी घातली होती असं मला अजून वाटतं. पण सारण तिला आवडलं, हे महत्त्वाचं. आता पापुद्रे शिकायला घेतो.

८ जानेवारी, सोमवार

टेबलावरचे रुमाल धुवायला काढले. सोलांजचा नीट घडी घालून ताटाशेजारी ठेवलेला होता. उचलला तर काहीतरी टणक लागलं. घडी उलगडली. आत बी होती, पुसून स्वच्छ केलेली.

बदाम समजून बाजूला ठेवली असेल, असं आधी वाटलं. पण मेंढीला चार पाय आहेत. मग वाटलं, सांगायचं राहून गेलं असेल. पण यान तोंड उघडून बसला होता तेव्हा हाच रुमाल तिच्या हातात होता.

तिला राणी व्हायचं नव्हतं. मुकुट माझ्या डोक्यावर ठेवायचा नव्हता. पुढच्या रविवारी गालेत घेऊन यायचं नव्हतं. सोलांज परत येणार नाही. हे कळलं आणि ओट्यापाशीच बसून राहिलो. फार वाईट वाटलं. दोन महिन्यांत असं वाटलं नव्हतं.

दुपारी क्लेमांसचा फोन आला. म्हणाली, बाबा, बी सापडली का रे. मी म्हटलं, हो, डब्यातच होती, मीच घालायला विसरलो. ती म्हणाली, तू पण ना, मला उगाच टेबलाखाली बसवलंस, पुढच्या वर्षी आठवणीनं घाल. मी बरं म्हटलं.