निळ्या कोटातले आबा

२ नोव्हें., रवि.
नवा कॅमेरा अजून हिरव्या ऑटो मोडवरच. बाल्कनीतल्या तुळशीचे इतके फोटो काढले की तीही वैतागली असेल. फोकस पानावर हवा, तर तो मागच्या कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसतो. सं. म्हणाला, "मोबाइलमध्ये यापेक्षा छान येतात." नवऱ्याला एवढंच सुचतं. येतात, हे खरंय. पण मोबाइल सगळं स्वतःच ठरवून मोकळा होतो. शेंद्र्याला कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या मापाने पार्ट तपासते. एक तरी गोष्ट माझ्या मापाने व्हावी.

९ नोव्हें., रवि.
गावी. वैजापूरला दादा मोटारसायकल घेऊन न्यायला आला. गळ्यातली बॅग बघून, "लग्नाच्या ऑर्डरी घेणार व्हय?"
संध्याकाळी मेंढरं परतताना फोटो काढले. धूळ, तिरपं ऊन. दोन-तीन चक्क चांगले आलेत. हे मी काढलंय, असं पहिल्यांदा वाटलं.
जेवायच्या आधी माय जवळ सरकून बसली. हळूच, "सुमे, माझा बी एक काढ. भिंतीवरचा."
भिंतीवरचा म्हणजे काय, ते कळलं. आमच्याकडे एकट्या माणसाचा फोटो भिंतीवर चढतो तो माणूस गेल्यावरच. आबांचा तसाच चढला. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचं तोंड कापून स्टुडिओवाल्याने मोठं केलं, खाली निळा कोट आणि लाल टाय चढवला, मागे धबधबा सोडला. जन्मभर मेंढरांमागे फिरलेला माणूस. अंगावर घोंगडी, डोक्याला पटका. कोट कुठला.
माय म्हणाली, "मी गेल्यावर मला बी कुणाची तरी पैठणी नेसवतील. मला माझंच लुगडं पायजे."
दादाने ऐकलं. भडकलाच. "जित्त्या माणसाचा असला फोटू काढतेत का? आपणच बोलवायचं का त्याला घरात?" अर्धी भाकर टाकून उठला.

१० नोव्हें., सोम.
रजा टाकली. दादा रानात गेल्यावर मायला दारातल्या बाजेवर बसवलं. बाजूने येणारा मऊ उजेड. सगळं जमून आलं होतं, पण कॅमेरा वर केला की माय श्वास रोखते आणि तोंड थेट आधार कार्डावरचं होतं.
"बोल की काहीतरी."
"फोटूत कुणी बोलतं व्हय?"
खूप काढले. एकातही माय नाही. शेवटचा त्यातल्या त्यात बरा, पण फोकस कानातल्या फुलावर, चेहरा धुरकट. मायने स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ. "ह्यो चांगला हाय. ह्योच ठेव."
खुशीत निघाले. एसटीत पुन्हा बघितला तर अगदीच वाईट. मग डोक्यात प्रकाश पडला. तिला सगळं जगच असं धुरकट दिसत असणार. म्हणून तो तिला चांगला वाटला.
मोतीबिंदू. आणि बाई कुणाला बोलली नाही.

३० नोव्हें., रवि.
मायला इकडे आणून काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. आज पट्टी निघाली. आधी स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. मग मला. "तुझे केस पिकले की गं."
दुपारी हट्टाने फोटो बघायला मागितला. लॅपटॉपवर लावला.
"ही कोण?"
"तूच."
"एवढी म्हातारी झाले व्हय मी? आन् कुणी सांगितलं बी नाय!"
दोघी पोट धरून हसलो. मग तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "पूस ते." पुसेपर्यंत मागे उभी राहिली.
दुसरा काढू का विचारलं. "नको. आता कुठं दिसाय लागलंय. जरा बघू दे." काळा चष्मा लावून संध्याकाळभर बाल्कनीत बसली होती. खालून कोण चाललंय, कुणाच्या हातात काय आहे, सगळं मला आत ओरडून सांगत होती. फोटोचं राहिलंच. राहू दे. इतकी खूश मी तिला किती दिवसांत बघितली नव्हती.

१० डिसें., बुध.
माय रविवारी गावी गेली. आज जेवायच्या सुट्टीत तिचा फोन. ती असा मधेच कधी करत नाही.
"सुमे, ह्यो माणूस आबा न्हाय."
कोण माणूस? तर भिंतीवरचा. सकाळी हार पुसायला गेली आणि बघत उभी राहिली. "कोट त्यांचा नव्हताच, ते ठावं होतं. पण त्यांची भिवई तुटकी होती, एडक्यानं शिंग मारल्यालं. हितं सलग हाय. गाल बी कुणाचं तरी गुळगुळीत. एवढी वरसं मी कुणाला हात जोडत होते गं?"
स्टुडिओवाल्याने त्याच्या परीने साफसफाई केली असणार. तिने फोटो उतरवून तोंड भिंतीकडे करून ठेवलाय.
आबांची भिवई तुटकी होती, हे मला माहीतच नव्हतं. मला आबा आठवतात तेच मुळी त्या कोटात. डोळे मिटले की मेंढरांमागेसुद्धा ते निळा कोट घालूनच चालतात. आता तेही आबा नाहीत म्हटल्यावर माझ्याकडे उरलं काय? कॅन्टीनमध्ये ताटावरच रडू आलं. शेजारच्या बाईला भाजी तिखट आहे म्हणून सांगितलं.

१४ डिसें., रवि.
गावी. भिंतीवर नुसता खिळा आणि खाली फिकट चौकोन.
माय: "तुझ्या मशीनीत त्यांचा फोटू निघंल का?"
म्हटलं, माय, त्याला समोर माणूस लागतो.
दादा उंबऱ्यात चहा पीत होता. माय त्याच्याकडे बघून म्हणाली, "हाय की समोर."
दादाने कप खाली ठेवला. "येडी झाली का तू?"
"नाक त्यांचं. हनवटी त्यांची. आता वय बी तेच, ते गेले तवाचं."
दादा उठून वाड्याकडे, मेंढरांत निघून गेला. मी मागून गेले. पाठमोराच राहिला. "मला ठावं हाय माझं वय," एवढंच.
म्हणजे तो मनात मोजतोय. मी याला खुळ्या समजुती म्हणून मोकळी होत होते. घाबरलाय तो. माझा थोरला भाऊ.
बॅगेतून कॅमेरा काढलाच नाही आज.

४ जाने., रवि.
दादाचा फोन. हवापाणी नाही, काही नाही. "येताना ते मशीन घेऊन ये."
का रे, विचारलं.
"माय जेवताना त्या मोकळ्या खिळ्याकडं बघती. घास उतरत नाय माझ्या घशाखाली."

११ जाने., रवि.
काढला.
पटका चुलत्यांचा, घोंगडी दादाची. मी म्हटलं, म्हणजे पुन्हा दुसऱ्याचेच कपडे झाले की. माय म्हणाली, "पटका कुणाचा बी असू दे. बांधायची तऱ्हा त्यांची पायजे." तिनेच बांधला. दादा तिच्यापुढे मान खाली घालून बसला होता, शाळेला निघालेल्या पोरासारखा. ती पेच घट्ट करायची, नजर लावून बघायची, पुन्हा सोडायची. भिवईचं काय? "ती राहू दे. ती मी धरून चालते."
ऑटो सोडून मी ए मोडवर, मागचं किती धूसर ते माझ्या हातात, झूम पार पुढे, फोकस जवळच्या डोळ्यावर. कोपरं छातीशी दाबून धरली.
"सरळ बघू नको," माय दादाला सांगत होती. "ते कुणाकडं सरळ बघत नसत. बोलत हितं, नजर मेंढरांवर."
दादाने नजर वळवली. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दादा नव्हताच. खरंच सांगते. बोट आपोआप दाबलं गेलं. डोळ्यांपुढचा तो निळा कोट कुठे गेला, कळलं नाही.
दादाने स्क्रीन हातात घेऊन बघितली. "ह्यो मी नाय." लगेच पटका उतरवला, डोकं खसाखसा चोळलं. मायने ऑपरेशन न झालेल्या डोळ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्याने बघितलं.
"व्हय," म्हणाली. तेवढंच. मग पदर तोंडाला लावून आत गेली.
निघताना दादा गाडीला किक मारता मारता थांबला. "भिंतीवर लावणार का तुम्ही ते?"
मी कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन लावत राहिले. माय दारातून आत वळली. दादाने पुन्हा विचारलं नाही.

१७ जाने., शनि.
प्रिंट काढायला गुलमंडीत, गल्लीतल्या जुन्या स्टुडिओत. म्हातारे चाचा. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, चष्मा वर केला. "लाइट अच्छा पकडे मॅडम. खुद निकाले?" फोटोतल्या जाणकाराने पहिल्यांदा कौतुक केलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हवेत असते.
साइज ठरली, फ्रेम ठरली. मग पेन घेऊन, "नीचे नाम डालना क्या? आगे कै. लगाना ना?"
पटका, घोंगडी, लांबची नजर बघून त्यांनी जे समजायचं ते बरोबर समजलं होतं. आबांचं नाव सांगितलं तर फोटो दादाचा. दादाचं सांगितलं तर त्या एका अक्षराचं काय करायचं? नाव न घालता घेऊन गेले, तरी तो खिळ्यावरच चढणार. नाही नेला, तर माय त्या खिळ्याकडे बघत जेवणार.
उद्या सांगते म्हटलं आणि पेनड्राइव्ह परत घेतला.
घरी येऊन मायला फोन लावला. दादाने उचलला. नावाचं विचारलंच नाही, मेंढरं कशी आहेत म्हटलं. तो आज मोकळा होता. कुठली व्याली, कुठली लंगडते, सगळं सविस्तर सांगत बसला. मी नुसती ऐकत होते. आवाजही आबांचाच असेल का, मायला विचारायला हवं.