सिमेंटच्या खांद्यावर बाची घोंगडी

१४ सप्टें., रवि.

संध्याकाळी रेल्वे कॉलनीच्या पारावर तिघंच. मी, निवृत्ती, बशीर. बशीरचा एकच हेका, पुण्यातली ती नवी बाग बघायला जायचं. नातवंडं जाऊन आली, मोबाईलवर फोटो दाखवले. उलटं घर हाय म्हणे, कौलं खाली आन् उंबरा आभाळात. "म्हादू, तिथं तुला एक चीज दाखवायची हाय. आत्ता न्हाई सांगणार."

निवृत्ती म्हणाला, पाठ भरून येती, एवढा प्रवास झेपायचा न्हाई. शिमग्यापासून त्याची पाठ धरलेली. लोकरीवर निजावं असं कुणीतरी सांगितलं म्हणाला, म्हणून बाची घोंगडी मीच त्याच्या घरी नेऊन दिली. दसऱ्याला बिरोबाचा भंडारा तिच्यावरच मांडतो. ती परत दे, असं जिभेवर आलं होतं. पण दुखणेकऱ्याच्या अंगाखालचं काढून कसं मागायचं. सुपारी चघळत बसलो.

१६ सप्टें., मंगळ.

नि. येतो म्हणाला. कसा काय तयार झाला देव जाणे. पाठ दुखत असून आपल्यासाठी निघाला, बरं वाटलं. सूनबाईला, वनिताला, दशम्या करायला सांगितल्या. ती म्हणे, "आबा, घोंगडी आणली का निवृत्तीकाकांकडनं? घट बसायला आले." आणतो म्हटलं.

१७ सप्टें., बुध.

सकाळच्या डेमू गाडीनं गेलो. बाग खरंच गमतीची. माडीएवढी चहाची किटली, तिच्या तोटीतनं पाणी पडतं. अळंब्यांच्या छत्र्या, त्यांखाली बसायला सिमेंटच्या मगरी. बशीर मगरीवर बसून म्हणाला, "माझ्या सासऱ्यापेक्षा गरीब हाय." पोट धरून हसलो. लई दिसांनी.

बशीर म्हणाला, चला आता पलीकडं. नि. आडवा येतोय. आधी उलटं घर बघू. आधी चहा घेऊ. पाय दुखले. मला वाटलं, पाठीमुळं करतोय.

पलीकडं सिमेंटची मेंढरं. एक मेंढरू पेपर वाचतंय, एकाला चष्मा. मधी धनगर उभा, काठीवर हनुवटी टेकून. पुढं पाटी. मी मालडब्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकलेला माणूस, पाटी सोडत नाही. 'पूर्वीचा धनगर.' पूर्वीचा म्हणे. मी समोर उभा.

आणि त्याच्या खांद्यावर

कोपऱ्यावर हिरव्या दोऱ्याचं ठिगळ. बशीरचंच काम, त्या दिवशी त्याच्या शिलाईच्या दुकानात काळा दोरा संपला होता. विणीत अजून भंडारा पिवळा दिसतोय.

बशीर खुशीत. "बघ तुझा बा कसा ऐटीत उभा हाय. फोटोत ठिगळ बघूनच वळखलं मी. मोठ्या मनाचा तू, म्हादू."

"मी कवा दिली?"

बशीरचं तोंड उतरलं. "निवृत्ती, तू तर म्हणलास म्हादूनं हौसेनं दिली."

नि. मेंढराकडं बघत बोलला. "जावयाला हितलं काम मिळालं. समदे पुतळे त्याचे. नवी घोंगडी घातली की नाटकातली वाटायची. आन् तुझी वर्षभर पेटीतच तर असती. हितं किती माणसं बघत्यात."

"आन् तुझी पाठ?"

"पाठ दुखतीच की."

बोट लावून बघितलं. पावसात टिकावी म्हणून वरनं काहीतरी फासलंय. पत्र्यासारखी कडक. घोड नदीच्या काठानं, इनामगावच्या रानात, बा याच घोंगडीत मला घेऊन निजायचा. आता घडी पडायची नाही तिची. एक पोरगी धनगराच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होती. तिचा काय दोष.

मागितली असती तर दिली असती, असं लिहायला घेतलं होतं. खोटं आहे. दिली नसती. त्याला ते ठाऊक होतं, म्हणून तर पाठ पुढं केली.

येताना गाडीत नि. दाराशी उभा, कंबरेवर हात. माझ्या शेजारी जागा होती. सवयीनं सरकलो. मग परत मधोमध बसलो. दशम्या तशाच घरी आल्या.

२२ सप्टें., सोम.

घट बसले. पारावर जात नाही. बशीर येऊन जातो, गुन्हेगारासारखा बसतो. म्हटलं, "अरे, तुला फसवलं त्यानं, तू का मान घालतोस?" म्हणाला, "माझंच ठिगळ वळखलं, पण तुला इचारलं न्हाई." येडा.

वनिता म्हणते, भांडून आणा. काय आणू? पत्रा?

सारखं एकच आठवतं. उन्हाळ्यात रोज विचारायचो, घोंगडीनं आराम पडतोय का. रोज म्हणायचा, पडतोय म्हादू, तुझे उपकार. डोळ्यात बघून.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

बिरोबाचा भंडारा धुतलेल्या चादरीवर मांडला. चादरीवर कमळं छापलेली. देवाची माफी मागितली.

दुपारी नि. आला. दर दसऱ्याला येतो, आधी घोंगडीला डोकं टेकतो, मग आपट्याची पानं देतो. आज पायरीवरच थांबला. कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढं केलं. तळहाताएवढा तुकडा, हिरव्या ठिगळाचा. कडा पात्यानं कापल्यासारख्या.

"एवढाच निघाला. बाकी उचकटताना फाटाया लागली. जावई बोलत न्हाई माझ्याशी आता."

मी तुकडा नाकाशी धरला. लोकरीचा वास नाही. रंगाच्या दुकानाचा वास.

"पाठ कशी हाय?" असं निघून गेलं तोंडातनं.

तो पायरीवर बसला, कठड्याला धरून, हळूहळू. दुखत असावी खरंच. की

वनिता दारात आली. "आबा, हे कुठं ठेवू? भंडाऱ्यापाशी का पेटीत?"

दिवे लागले. तुकडा माझ्या मांडीवर आहे. तो अजून पायरीवर आहे, पानं हातात तशीच.