माफीनाम्यातली एक ओळ

प्रिय टिल्लू,

सगळ्यात आधी हे वाच: आई ठणठणीत आहे. तिला काहीही झालेलं नाही. मामांनी तुझ्या दारात उभं राहून जे सांगितलं ते मीच त्यांना पढवून पाठवलं होतं. चाव्यांचा जुडगा घे, लॅपटॉप राहू दे, आहेस तसा चल, हेसुद्धा माझंच. आणि गाव मागे पडल्याशिवाय हे पाकीट तुझ्या हातात द्यायचं नाही, हेही माझंच. तुझा चेहरा आत्ता कसा झाला असेल ते मला इथे बसून दिसतंय. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण मामांना ट्रक वळवायला सांगू नकोस. त्यांना यातलं काही माहीत नाही.

आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. मामा चाकांत हवा भरून आणायला गेलेत, म्हणजे माझ्याकडे तासभर आहे. दोन ओळी लिहिल्या असत्या तर तू त्या फाडून टाकल्या असत्यास, म्हणून सगळं सांगते, माझ्या मूर्खपणासकट. कुणीतरी तुझं नाव घेऊन वावरतंय, टिल्लू. तू लिहिलेल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये तो शिरलाय, आणि आता त्याला तुझ्या जुडग्यातली ती छोटी यूएसबी किल्ली हवी आहे. ती आहे ना खिशात? चाचपून बघ आणि मग पुढे वाच.

मी डायलिसिसच्या मशीनचं सॉफ्टवेअर करते हे तुला माहीत आहे, पण माझ्या सोमवारांबद्दल कधी सांगितलं नसेल. असलं सॉफ्टवेअर कोणीच मुळापासून स्वतः लिहीत नाही. नऊशे बारा पॅकेजं, म्हणजे कोणीतरी लिहून सगळ्यांसाठी ठेवलेले तयार तुकडे, आम्ही लोकांची उसनी आणलेली आहेत. दर सोमवारी सकाळी मी टर्मिनल उघडते, त्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करते, आणि एक टूल त्या नऊशे बारांची झडती घेतं. याच्यात भोक आहे, ते जुनाट झालंय, त्याला सांभाळणारा कोणी उरलेला नाही. कितीही नीट करा, खोट निघतेच, म्हणून त्या टूलला आम्ही सासूबाई म्हणतो. आज सासूबाईंचा मूड कसा आहे, असं साहेबसुद्धा विचारतात. ज्या तक्रारी मनावर घ्यायच्या नाहीत असं ठरतं त्या एका फाइलमध्ये लिहायच्या, म्हणजे टूल त्यांच्याबद्दल तोंड उघडत नाही. पॅकेजचं नाव, कधीपर्यंत माफ, आणि कारण. त्या फाइलचं नाव आम्ही माफीनामा ठेवलंय.

तीन वर्षांपूर्वी त्या नऊशे बारांत मला तुझं पॅकेज दिसलं. दोन वेळांमध्ये किती मिनिटं उरली एवढंच सांगणारं, कॉलेजच्या सुट्टीत लिहिलेलं, जेमतेम दोनशे ओळींचं. पेशंटच्या उशाशी 'अजून चाळीस मिनिटं' असं जे दिसतं ते तू मोजतोस! माझ्या शेजारी बसणाऱ्या टेस्टिंगवालीला मी त्या दिवशी दहा वेळा सांगितलं. सासूबाईंची मात्र दर सोमवारी एकच कुरकुर, सांभाळणारा एकटाच आहे आणि बरेच दिवस काही हालचाल नाही. शेवटी वैतागून मी माफीनाम्यात ओळ घातली. मुदत: कायम. कारण: सांभाळणारा घरचा आहे. टेस्टिंगवाली पोट धरून हसली होती, म्हणाली, हे आपल्याकडचं वशिल्याचं तट्टू.

काल सोमवारी बाहेरून तपासनीस बाई आल्या. शांत, बारीक आवाजाच्या, स्वतःचा डबा घेऊन येणाऱ्या. शुक्रवारी आमचं नवं व्हर्जन हॉस्पिटलांत जायचंय, त्याआधीची तपासणी. त्यांनी मला माफीनामा बाजूला ठेवून टूल चालवायला सांगितलं. मी ओळ टाइप केली, आणि तुझ्या नावापाशी स्क्रीन लाल झाला. पाच महिन्यांपासून सासूबाई ओरडत होत्या, टिल्लू, आणि मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता. मदतीला म्हणून तू ऑनलाइन घेतलेल्या कुणा माणसाला पाच महिन्यांपूर्वी पॅकेजचा दुसरा सांभाळणारा केलेलं आहे. त्याच्या चाचणी-व्हर्जनबरोबर एक कालपरवाचं नवं पॅकेज गुपचूप आत येतं, आणि इन्स्टॉल होताना कोणालाही न विचारता एक स्क्रिप्ट चालते, जी पासवर्ड कुठे ठेवलेत ते हुडकत फिरते. अजून ते फक्त चाचणीत आहे. मुख्य व्हर्जन सोडायला तुझ्या किल्लीला तुझं बोट लागावं लागतं, आणि गुरुवारपर्यंत ते सुटलं तर शुक्रवारी ते आमच्याबरोबर दोनशे मशीनवर जाईल.

बाईंनी ती ओळ मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचली. सांभाळणारा घरचा आहे. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, कोणाच्या घरचा? आणि मी म्हणाले, ते नुसतं म्हणायचं म्हणून लिहिलंय, कॉलेजच्या ओळखीतला कोणीतरी आहे. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर मी तुला नाकारलं. टेस्टिंगवालीनं मान खाली घातली. तिला तू कोण आहेस ते माहीत आहे.

आता पाच महिन्यांचं सांगते, ते लिहायला जास्त अवघड आहे. त्याची सुरुवात दोन वर्षांपूर्वीची, बाबांच्या शेवटच्या आठ दिवसांत मी तुला कळवलं नाही. तुझ्या मुलाखती चालू होत्या, बाबाच म्हणाले होते की त्याला उगाच पळवू नका, आणि मला वाटलं होतं की अजून वेळ आहे. तू आलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. कोणाला काय कळायचं ते तूच ठरवतेस ना ताई, एवढं म्हणून तू गेलास, फोनवर मला बंद केलंस, आणि ते मेसेजचं जुनं खातं तसंच सोडून दिलंस. आई तुझ्याशी दर रविवारी बोलते, पण निरोप्या व्हायला ती तयार नाही. तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका. त्यामुळे पाच महिन्यांपूर्वी त्या खात्यावरून एके दुपारी 'ताई, कशी आहेस' असं आलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले.

त्याच मेसेजच्या शेवटी होतं, 'आमची आई कशी आहे?' वाचून चपराक बसल्यासारखं झालं. सख्ख्या बहिणीला कोणी 'आमची आई' म्हणतं? आपली म्हणतं. मला वाटलं, मुद्दाम लिहिलंय, मला बाहेर ठेवून. बाबांच्या वेळी मी तुला बाहेर ठेवलं, आता आई तुझी आणि मी परकी. म्हटलं, बरोबर आहे, माझी तीच लायकी आहे. निदान लिहितोय तरी. आणि मी बोलत सुटले. तू विचारत गेलास, मी सांगत गेले. आमचं सॉफ्टवेअर कुठे चालतं, तुझं कुठलं व्हर्जन आम्ही वापरतो, तपासणी कधी, नवं व्हर्जन कुठल्या शुक्रवारी. तू माझ्या कामात इतका रस घेतोस याचाच केवढा आनंद.

काल मीटिंगनंतर मी तुला लिहिलं की हे काय आहे. मिनिटभरात उत्तर आलं. तो माणूस विश्वासाचा आहे, काळजी नको, शुक्रवारचे काम थांबवू नका, आमच्या आईला सांभाळ. टेस्टिंगवाली माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं विचारलं, कोणाच्या आईला काय झालंय, एखादा क्लायंट आहे का? मी म्हटलं, नाही गं, भाऊ आहे माझा. ती म्हणाली, सख्खा? आणि तुला 'आमची आई' लिहितो? तेव्हा कुठे माझ्या मनात पाल चुकचुकली. मागचं सगळं पुन्हा काढून वाचलं. आमचे घर, आमचे बाबा, आमच्या लहानपणी. पाच महिन्यांत एकदासुद्धा 'आपलं' नाही. रागावलेला माणूस मध्येच कुठेतरी विसरतो, रे. इतक्या शिस्तीत कोणी रागावत नाही. ज्याच्या भाषेत आमचं आणि आपलं एकच असतं असा कोणीतरी पलीकडे बसला होता, आणि त्याच्या चुकीला मी तुझा राग समजत होते.

तरी खात्री हवी होती. म्हणून जे तुला दोन वर्षांत विचारायचं धाडस झालं नाही ते त्याला विचारलं. तू मला माफ केलंस का? लगेच आलं, 'हो ताई, केव्हाच.' तुला खरं सांगते, ते खोटं आहे हे कळत असूनही मी तो फोन थोडा वेळ छातीशी धरून बसले. तू असं कधी म्हटलं नसतंस. तू आधी भांडला असतास.

पोलिसांत जाऊन आले. ड्यूटीवरच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, भावाच्या घरात कोणी घुसलंय का? मी म्हटलं, अजून नाही. म्हणाला, मग घुसल्यावर या. आईच्या फोनवरून तुला सांगता आलं असतं, पण मी तुला ओळखते, ऐकल्याऐकल्या तू तपासायला लॅपटॉप उघडला असतास, आणि त्या लॅपटॉपमध्ये कोण बसलंय कुणास ठाऊक. मामा तुला त्यांच्या डेपोवर आणतील, घरी नको. उद्या सकाळी दहाला मी मीटिंगमध्ये उभी राहून सांगणार आहे की तो सांभाळणारा माझा सख्खा भाऊ आहे आणि ती ओळ मी लिहिली. नोकरी जायची तर जाईल. अकराला मी आणि तपासनीस बाई डेपोवर येऊ. मग तुझ्या किल्लीनं त्या माणसाला बाहेर काढायचं, आणि ते काम तुझ्याशिवाय कोणालाच येत नाही.

आता जे अजून सांगितलेलं नाही ते. शनिवारी त्या खात्यावरून आलं, 'आईचे पार्सल मिळाले नाही, तू कोणता पत्ता लिहिते? पूर्ण लिही.' पार्सलवर पत्ता मीच घालते, म्हणून मी कुरिअरवाल्यावर चिडले आणि सगळं व्यवस्थित लिहून दिलं. मागच्या बाजूचा जिना, सगळ्यात वरचा मजला, दाराला खालून लाथ मारली की उघडतं, संध्याकाळी सहानंतर घरीच असतोस. पार्सल ठेवायला शेजारी कोणी आहे का, असंही विचारलं. मी लिहिलं, नाही, त्या मजल्यावर तू एकटाच राहतोस. आणि आज सकाळी चहा गाळता गाळता आई कधी नव्हे ते तुझ्याबद्दल बोलली, की पार्सल त्याला गेल्या गुरुवारीच मिळालं म्हणे, मोजे अगदी बरोबर बसले. टिल्लू, तुला पुन्हा एकदा न विचारता मी ठरवलं, आणि तेही आईच्या नावानं खोटं बोलून. याची माफी मी मागणार नाही. मामांना म्हणावं, कुठेही थांबू नका. आज सहानंतर तो जिना जो कोणी चढेल, त्याला तुझी खोली रिकामी मिळू दे.

भांडायला तू समोर हवास म्हणून वाट बघणारी,
तुझीच,
ताई