रिकामी ओळ

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोज चार ओळी लिहिणार. मोठ्या शोधाच्या वेळची नोंद असलेली बरी, पुढे लोक विचारतात. बाकी संकल्प: चहा दिवसाला दोनच कप. टेक्निशियनबाईंवर चिडायचं नाही.
उंदरांना लस टोचून सहा आठवडे झाले. वीस जणांना लस, वीस जणांना नुसतं मीठपाणी. लशीतलं विषाणूचं प्रथिन टिकत नव्हतं, म्हणून त्यात गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन सढळ हाताने घातलं. युक्ती माझीच. एकवीस तारखेला डायरेक्टर आढावा घेणार. लस चालली तर प्रोजेक्ट आणखी तीन वर्षं. नाही तर लॅबला कुलूप, मी लायब्ररीच्या कोपऱ्यात आणि बाई घरी. काळजीचं कारण नाही.

५ मार्च
उंदरांचं रक्त तपासलं. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे. तळाशी विषाणूचं प्रथिन चिकटवायचं, उरलेली जागा गाईच्या अल्ब्युमिनने बुजवायची, वर उंदराचं सीरम, म्हणजे रक्तावरचं निवळ पाणी. अँटिबॉडी असल्या की खळगा पिवळा होतो.
लसवाले वीसच्या वीस पिवळेधमक. मीठपाणीवाले कोरे. बाई म्हणाल्या, सर, एक ओळ रिकामी ठेवू या का? विषाणूचं प्रथिन न लावता, बाकी सगळं तसंच. म्हणजे रंग कशामुळे येतो ते कळेल. मी म्हटलं, माझ्यामुळे येतो.
चहा चार कप. आनंदाचे दोन धरायचे नाहीत.

७ मार्च
बायको शाळेत गणित शिकवते. तिला वीसपैकी वीस सांगितलं. ती म्हणाली, वर्गात सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले तर मी आधी प्रश्नपत्रिका तपासते, मग कौतुक. मी म्हटलं, माझे उंदीर कॉपी करत नाहीत. ती म्हणाली, उंदरांवर माझा संशय नाहीच. काय म्हणायचं होतं कोण जाणे. जेवून झोपलो.

११ मार्च
सीरम हजार पट पातळ केलं. पिवळं. लाख पट. तरी पिवळं. असं जगात कुणाचं आलं नसेल. बाई पुन्हा: सर, ती ओळ. डोकंच फिरलं. प्लेटमध्ये आठच ओळी, त्यातली एक कुणाच्या हौसेसाठी वाया घालवू? दुसरा संकल्प मोडला, पण थोडाच.
संध्याकाळी बाईंनी वही आणली. लॅबची पद्धत आहे: दिवसभरात काय केलं ते बाई लिहितात, मी खाली 'वाचले' लिहून सही करतो. सह्यांतच एवढा वेळ जातो, वाचणार कधी?

१४ मार्च
शेजारच्या लॅबमधला टकल्या दारातून डोकावला. विचारतो, खरा विषाणू अडतोय का ते पाहिलंस का? जळतो मेला. उगाच काड्या घालायची सवय.
आढाव्याच्या भाषणाचं पहिलं वाक्य लिहिलं. शेवटचंही. मधलं सुचेल.

१९ मार्च
टकल्याचं तोंड बंद करावं म्हणून खरा विषाणू पेशींवर सोडला, सोबत लसवाल्या उंदरांचं सीरम. सगळ्या पेशी मेल्या. पेशी जुन्या असणार. किंवा विषाणू फारच ताजा. आकडे आढाव्यात दाखवायचे नाहीत, लोक गोंधळतात.
बाईंनी आकडे वहीत उतरवून घेतले. त्या इतकं नीटनेटकं लिहितात तेव्हा मला जास्त राग येतो.
चहा मोजणं बंद केलं.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी १२.४०
डायरेक्टरांनी तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, रिकामी ओळ कुठे आहे? म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे. सगळ्यांसमोर जाहीर केलं, आत्ता लावतो, दोन तासांत बघा. बाईंनी तशी प्लेट तयारच ठेवली होती. म्हणजे कट होता. डायरेक्टर जेवायला गेले. मला भूक नाही, पण ते उत्साहामुळे.

दुपारी ३.१५
रिकामी ओळ पिवळी. भरलेल्या ओळींपेक्षा अंमळ जास्तच.
उंदरांनी अँटिबॉडी बनवल्या होत्या. भरपूर, अव्वल दर्जाच्या. गाईच्या अल्ब्युमिनविरुद्ध. लशीत तेच, प्लेटवरही तेच. विषाणूकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. डायरेक्टर म्हणाले, अभिनंदन, या उंदरांना आता गाय चावली तरी काही होणार नाही. सगळे हसले. टकल्या हसला नाही. तेच फार लागलं.

२४ मार्च, सोमवार
प्रोजेक्ट बंद. खुलासा मागितलाय. रविवारभर बसून लिहिला: टेक्निशियनने ही चूक वेळीच लक्षात आणून दिली नाही. भाषा जमली होती. पुरावा म्हणून जोडायला बाईंची वही उघडली.
५ मार्च: 'एक ओळ रिकामी ठेवावी असे सरांना सुचवले.' ६ मार्च: 'पुन्हा सुचवले.' अशी अकरा पानं. प्रत्येकाखाली 'वाचले' आणि माझी सही. एका ठिकाणी तर 'छान'.
खुलासा फाडला. बाई कपाटातून आपला डबा आणि स्वेटर काढून पिशवीत भरत होत्या. चौदा वर्षं नोकरी झाली त्यांची इथे, हे आज विचारल्यावर कळलं. म्हटलं, बाई, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, असू द्या सर, आणि सवयीने वही पुढे केली.
आजच्या पानावर एकच ओळ होती: 'लॅब बंद केली.'
दोनदा वाचली. मग सही केली.