शेंदूर मीच लावला, दाजी

कवठे येमाई

तीर्थरूप भिमाजी दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, गेणबाचा दंडवत. येमाईच्या कृपेने आम्ही सगळे अंगाने ठीक आहोत, माझ्या डोक्याचं मात्र सांगता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? रंगूताईला सांगा, लोणचं पोचलं. (अर्धं आमच्या हिने, सारजाबाईनेच संपवलं, पण हे मी कळवलंय असं तिला कळू देऊ नका.)

दाजी, मी पुरता हादरलोय. सबस्टेशनजवळचं आपलं माळरान तुम्हाला ठाऊक आहे. बाजरी गुडघ्यालासुद्धा लागत नाही असा मुरूम. त्यावर एका कंपनीची नजर गेली. सोलरची वीज दुपारी भरून ठेवायची आणि संध्याकाळी तारांत सोडायची, त्यासाठी कंटेनरएवढ्या बॅटऱ्या तिथे मांडणार. (सारजाबाईने पहिलाच प्रश्न विचारला, एवढ्या बॅटऱ्यांत पाणी कोण घालणार? कंपनीचा माणूस हसला आणि चहा प्यायला.) जागा भाड्याने, शिवाय घरच्या एका माणसाला तिथेच नोकरी. नोकरी म्हटल्यावर माझे डोळेच भरून आले. आमचा पोरगा माऊली सणसवाडीला कारखान्यात, तिथेच खोली करून राहतो, सुट्टीला घरी येतो तो नुसता झोपायला. परवा त्याच्याच पोराने, रुद्रने दारातून ओरडून सांगितलं, पाहुणे आले! (सगळे हसले. मी उठून गोठ्यात गेलो.)

मोजणीला कंपनीच्या प्रांजल मॅडम आल्या. पोरगी माऊलीपेक्षा लहान, पण कामाला चोख. माळाच्या मधोमध त्यांनी खुणेचा दगड पुरला आणि बजावलं की सगळा नकाशा या दगडावरून काढलाय, आम्ही परत येईपर्यंत हा हलता कामा नये. आता आमचे चुलतबंधू बाळासो तुम्हाला माहीतच आहेत. दुसऱ्याच्या रानात दगड दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. आमचा बांध त्यांनी इतका कोरलाय की त्यावरून शेळीसुद्धा तिरकी चालते. म्हणून मी डोकं चालवलं. दगडाला शेंदूर फासला, वर झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. देवाला हात लावायची बाळासोची छाती नाही.

हात त्यांनी लावलाच नाही, डोकं टेकवलं! त्यांची चुकलेली गाभण म्हैस नेमकी त्या दगडापाशी बसलेली सापडली. मंगळवारी बायकांची रीघ लागली. पुढच्या मंगळवारी कोरेगाव भीमाहून जीपभर मंडळी. मग यात्रा कमिटी झाली, अध्यक्ष बाळासो. (मी साधा सभासद. माझ्याच रानात!) शेवटी चावडीपुढे उभा राहून मी खरं सांगून टाकलं, की शेंदूर मीच लावला, डबी अजून घरात आहे. मग बाळासो गहिवरून म्हणाले, "व्हय रं गेणबा, पर तुझ्या हातनं लावून कुणी घेतला?" झालं, लोक माझ्याच पाया पडायला लागले.

काल सकाळी मॅडम आल्या. पहिला कंटेनर बसायचा तिथे आता ओटा आहे, वर घंटा. मला वाटलं, चिडतील. त्यांनी चपला काढल्या, दाजी! नमस्कार करून म्हणाल्या, "काका, देवस्थान असलेली जागा कंपनी घेत नाही. ओटा असाच राहिला, तर पुढच्या आठवड्यात आम्ही दुसरं रान बघू." माऊलीला अजून काही सांगितलेलं नाही. त्याचा फोन आला की मी बैलाला पाणी दाखवायला निघतो. बैल आता पाणी बघून तोंड फिरवतो.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मला जमली तर थोडी अक्कल.

तुमचाच,
गेणबा

ता. क. : मुख्य काम राहिलंच. पिकअप घेऊन ताबडतोब या. देवाने स्वप्नात येऊन 'मला जावयाच्या गावी, दौंडला भीमेकाठी न्या' असं सांगितलं, असं मी गावात बोलून ठेवतो. गावातलं कुणी त्या दगडाला हात लावणार नाही, पण तुम्ही गावचे जावई. जावयाने काही मागितलं तर त्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

ता. क. दुसरा : जरा थांबा. आत्ताच कळलं, सारजाबाईने त्याच देवाला नवस बोललाय की माऊली कायमचा घरी आला, तर त्याच जागी, देव तसूभर न हलवता, देऊळ बांधीन. ते ऐकून मीही जाऊन हात जोडले. पण मागायचं काय, ते काही केल्या सुचेना.