बुधवारचे मोकळे केस

आई,

तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांनी लिहायला बसलेय ते काही चांगलं सांगायला नाही. भाट्याची मावशी गेली. महिना होऊन गेला, आणि चर्चच्या मंडळीची सेक्रेटरी म्हणवणाऱ्या मला ते मागच्या गुरुवारी कळलं. तुला ती तिकडे भेटलीही असेल. तिने माझ्याबद्दल काय सांगितलं असेल, या विचाराने मान वर होत नाही.

मला तुझे बुधवार आठवतात. जेवणाची भांडी आवरून तू पायात चपला सरकवतेस, पिशवीत गीतांचं पुस्तक टाकतेस आणि पूल ओलांडून भाट्याला चालत जातेस. मंडळीने तुला घरभेटींसाठी ठेवलेलं होतं, पण ही भेट कोणी सांगितलेली नव्हती. मावशीचे हात संधिवाताने वाकडे झालेले, तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. तू पडवीत बसून तिचे केस विंचरायचीस, वेणी घालायचीस, दोघी एक गीत म्हणायच्यात, प्रार्थना, मग बिनदुधाचा चहा. कॉलेजात असताना मी एकदा तुझ्याबरोबर आले होते. परतताना पुलावर म्हटलं, "एका वेणीला दोन तास? तेवढ्यात चार घरं उरकली असती." तू चालता चालता थांबलीसही नाहीस. म्हणालीस, "उरकायला ती काय भांडी आहेत गो?"

आणि तो नाताळचा आठवडा. तू करंज्या तळतेयस, मी एका हाताने करंज्या कातत दुसऱ्या हाताने फोन कानाला लावलाय. कॅरलला कोण येणार, मुलांच्या नाटकाचे पंख कुठे ठेवलेत, पताका कोण लावणार. फोन ठेवून मी दिवसभरात काय काय केलं त्याचा पाढा वाचला. तू झारा कढईच्या काठावर टेकवलास. "काय काय केलंस ते नको सांगू. आज कोणाजवळ बसलीस तेवढं सांग." मला असा राग आला! "मी देवाचंच काम करतेय," म्हटलं. "त्याला विचारलंयस का?" एवढं बोलून तू पुढची करंजी तेलात सोडलीस. मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नव्हते.

जायच्या आधी तू मला तुझी लाकडी फणी दिलीस, मावशीसाठी वापरायचीस ती. म्हणालीस, "बुधवार सोडू नको." मी हो म्हटलं.

पहिलं वर्ष गेले गं, खरंच गेले. मग ऑफिस, मग महिला मंडळ, मग मंडळीच्या कंपाउंडची भिंत, मग सेक्रेटरीपद. बुधवारचा फेरा महिन्यातून एकदा झाला, मग नुसता नाताळला. तुझ्याकडे स्कूटी नव्हती, माझ्याकडे आहे, तरी पूल मलाच लांब पडला. शेवटी मी घरभेटींची समिती केली. तीन बायका, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, छान तक्ता. पहिलीला वाटलं दुसरी जाते, दुसरीला वाटलं तिसरी, आणि तिघींना वाटलं मी तर जातच असणार. दोन वर्षं कोणी गेलं नाही. वार्षिक अहवालात मी मोठ्या आवाजात वाचलं, "घरभेटी नियमित सुरू आहेत." टाळ्या पडल्या. मी खाली बसताना पदर सारखा केला, तोही आठवतो.

मावशीचं नाव मात्र आजाऱ्यांच्या यादीत होतं. दर रविवारी मी पुढे उभी राहून वाचायचे, "भाट्याच्या आमच्या भगिनीला आरोग्य दे," आणि सगळी मंडळी आमेन म्हणायची.

गुरुवारी मी भाट्याला गेले, तेसुद्धा तिला भेटायला नाही. हंगामाची उपकारस्तुती, पिकातलं काहीतरी देवाला वाहायचा रविवार, जवळ आली होती, आणि मावशी दर वर्षी आपल्या माडाचे दोन नारळ कोणाच्या तरी हाती अर्पणाला पाठवायची. या वर्षी आले नाहीत म्हणून आणायला गेले. दाराला कुलूप. शेजारीण बाहेर आली. "महिना झाला हो. भाचा चिपळूणला घेऊन गेला, तिकडेच गेली, माती पण तिकडेच दिली. तुम्हाला कळवायला कोणाकडे नंबर होता?" मग मला निरखून म्हणाली, "तुम्ही त्या वेणी घालणाऱ्या बाईंची लेक ना? बुधवार आला की म्हातारी केस सोडून पडवीत बसायची. मी म्हणायचे, ये, मी घालते. तर म्हणायची, थांब, तिची मुलगी येईल. दिवस मावळला की माझ्याकडून बांधून घ्यायची."

आई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मातीआड गेल्यावरही चार रविवार मी तिला बरं कर म्हणून मागत होते. शेजारणीने नारळ काढून ठेवले होते, "तिने सांगून ठेवलंय" म्हणाली. मी ते घेतले. नको म्हणायलाही तोंड नव्हतं.

या रविवारी मी यादीतून तिचं नाव गुपचूप काढलं. कोणी विचारलं नाही. मीही तशीच पुढचं नाव वाचत गेले. नाचणे गावात एक बाई दीड वर्ष अंथरुणावर आहेत, त्यांचं.

आज बुधवार. अर्धी रजा टाकून घरी आले, फणी शोधून पर्समध्ये घातली. चार वाजता नाचण्याला निघायचं, नुसतं जाऊन बसायचं, असं ठरवलं होतं. मग वाटलं, आधी तुला सगळं लिहावं. आता बाहेर अंधारलंय आणि स्कूटीची चावी समोर तशीच पडलीय. तिथे जायला लागू नये म्हणूनच मी हे लिहीत बसले, आई.