न भाजता खायची नानकटाई

माय,

तिकडं सगळे कसे आहेत, एकेकाचं विचारते. आधी तुझे गुडघे. तिकडं पायऱ्या नसाव्यात असं मला वाटतं, आणि असल्या तर दादांचा हात धरून चढत जा, उगाच एकटीनं नको. दादांचा दमा थंडीत उसळतो का अजून? पहाटे गार पाणी तोंडावर मारायची सवय ते सोडायचे नाहीत, तरी तू सांगत राहा. थोरल्या काकूला आता नीट ऐकू येतं का, का अजून आपण भाजीचं विचारावं अन् तिनं पाहुण्यांचं सांगावं? माझी सासूसुद्धा आता तिकडंच आहे. तिच्या पित्ताचं विचार, आणि दोघी विहिणी एका चुलीवर असाल तर मिठावरून भांडू नका. आमचं म्हणशील तर सगळं बरं आहे. तुझ्या धाकट्याला ढेरी सुटली आहे, तू असतीस तर बोटानं टोचून विचारलं असतंस. आणि मला साखरेचा त्रास सुरू झालाय. पुढं काय लिहिणार आहे ते वाचून तू हसशील, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

तर लिहायचं कारण नानकटाई. तू म्हणशील, तो विषय काढू नको. मी काढणार आहे. त्या विषयावर तू उठून आत गेलीस ती गेलीसच, म्हणून आता तू उठू शकत नाहीस तेव्हा सांगते.

एक्क्याऐंशी सालची दिवाळी. मी लेकीला घेऊन मंठ्याहून जुन्या जालन्याला माहेरी आल्ते. पोरगी तीन वर्षांची, गालाचे नुसते लाडू. तेव्हा आपल्याकडं कुणाच्या घरात भट्टी होती? दिवाळी तोंडावर आली की जी ती आपला मैदा, आपली पिठीसाखर, आपलं तूप डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर जायची. तिथंच परात मांडायची, तिथंच मळायचं, गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये लावायचे आणि नंबर यायची वाट बघत बसायचं. सगळ्यांच्या नानकटाया एकाच आगीत जाणार, म्हणून प्रत्येकीची आपली खूण. तुझी खूण अंगठ्याचा खळगा आणि त्यात वेलदोड्याचा एक दाणा. भट्टीवाले चाचा तुझा ट्रे लांबूनच ओळखायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "आग बराबर बसू द्या अम्मा, जल्दीत रंग येत न्हाई."

मला ते सगळं अजून दिसतं. पोरगी तुझ्या मांडीला टेकून बसली आहे. तू तळहातानं तूप आणि साखर फेसते आहेस, त्यात मैदा मिसळते आहेस, आणि तिची नजर परातीवरून हलत नाही. तू बोराएवढा गोळा तोडतेस आणि तिच्या तोंडात घालतेस. मी म्हणते, "माय, कच्चं आहे ते." तू माझ्याकडं न बघताच सांगतेस, "अंडं थोडंच हाय त्यात? तूप अन् साखर. त्यानं काय होतंय?" बाजूच्या बायका मान हलवतात. मलाही पटतं. आपल्या घरात सगळ्यांची हीच समजूत होती, अंडं नाही म्हणजे सगळं निर्मळ. पोरगी पुन्हा तोंड उघडते, तू पुन्हा घालतेस.

पुढचं तुला माहीत आहे. उलट्या, जुलाब, डोळे आत गेलेले, दवाखान्यात हाताला सलाईन. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारून घेतलं आणि म्हणाले, पाणी असेल, पीठ असेल, नक्की सांगता येत नाही. त्यातलं तू पीठ तेवढं ऐकलंस. घरी आणल्यावर पोरगी पडवीत खाटेवर झोपलेली, आणि तू माझा हात धरून म्हणालीस, "बाई, माझ्या हातचं आता तिला काही देऊ नको."

पोरगी भाऊबीजेला अंगणात पळायला लागली. तू मात्र बरी झाली नाहीस. पुढच्या दिवाळीला चाचांनी निरोप धाडला, अम्माची परात यंदा आली नाही म्हणून, आणि तू कळवलंस की हात दुखून राह्यलाय. त्यानंतर तुझी परात भट्टीवर कधी गेलीच नाही. पोळ्या करताना पोरगी कणकेचा गोळा मागायची, नुसता चिमण्या करून खेळायला, तर तू तोही तिच्या हातातून काढून घ्यायचीस. ती रुसायची. तुझा चेहरा बघून मला रुसायलाही जागा उरायची नाही. असंच मनात धरून तू गेलीस.

आता गंमत ऐक. पोरीला ना सलाईन आठवत होतं, ना दवाखाना. तिला आठवत होता तो गोळा. शाळेतून आली की म्हणायची, आज्जीनं दिला होता तसा गोळा कर ना. मी काय करणार? तुझ्या हाताला दोष लागलेला, आणि जिच्यापायी लागला तीच गोळा पुन्हा मागते. माझ्या डोक्यात एक हट्टच बसला. दोष हाताचा का पिठाचा, एवढा छडा मला लावायचा होता.

लसी टोचायला येणारी नर्सबाई माझ्याकडं चहाला थांबायची. तिला एकदा विचारलं, अंडं नसलं तरी कच्चं पीठ बाधतं का. ती म्हणाली, "ताई, दळलं म्हणजे शिजलं थोडंच." बशीत चहा ओतता ओतता सहज बोलली आणि निघून गेली, पण मी त्या वाक्यापाशी बसून राहिले. खरंच की. तांदूळ आपण धुतो, डाळ धुतो, मेथीची जुडी सात पाण्यातून काढतो. पीठ कुणी धुतं का? गहू शेतातून खळ्यावर, खळ्यावर जनावरं, वर पाखरं, पोत्यात उंदीर, आणि तिथून गिरणीत. आपल्या आज्या-पणज्यांनी तरी कुठलं पीठ कच्चं खायला दिलं? बेसनाचा लाडू भाजून, सातूचं पीठ भाजून, मेतकूट भाजून. नानकटाईचं पीठ तेवढं कच्चं मळायचं, कारण त्याचं भाजणं पुढं भट्टीत व्हायचं असतं. भट्टीच्या आधी तोंडात घातलं, म्हणजे अर्ध्या वाटेवरच उचललं.

मंग मी मैदा भाजायला घेतला. पहिल्यांदा आच मोठी झाली, खाली तांबूस आणि वर पांढरा. ह्यांनी चाखून विचारलं, हा शिरा म्हणायचा का पिठलं. पुढच्या वेळी मंद आचेवर हात दुखेपर्यंत हलवला, भाजला बराबर, पण चव भाजक्या पिठाची. सवयीनं सोडा घातला, तर कपडे धुवायच्या साबणासारखं लागलं. सोड्याचं काम भट्टीत, फुगायचं नसेल तर तो हवा कशाला? काढून टाकला. लेक खायची, शहाण्यासारखी म्हणायची, चांगलंय आई, पण हा तो नाही.

आणि उत्तर होतं चकलीत. तूच शिकवलेल्या, मैदा उकडून करायच्या चकल्या. मैद्याची पुरचुंडी फडक्यात बांधून कुकरमध्ये वाफवायची, दगडासारखी घट्ट झाली की फोडायची, चाळायची. एका दिवाळीला मी तो मैदा हातानं मोडत बसले होते आणि चिमूटभर सहज जिभेवर टाकला. कच्चेपणा नाही. भाजका वासही नाही. पांढराशुभ्र, आणि शिजलेला. माय, माझे हात परातीतच थांबले. इतकी वर्षं चकल्या करून राह्यले, आणि तीच वाफ नानकटाईला चालेल हे मला सुचलं नव्हतं.

त्यातही चुका केल्याच. पहिली पुरचुंडी मोठी बांधली, तर मधला भाग कोरडा, कच्चाच राहिलेला. तेव्हापासून लहान लहान पुरचुंड्या, वाफ पार मधोमध पोचली पाहिजे, आणि फोडून बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. एकदा तर शिजलेला मैदा कच्च्या पिठाच्या चाळणीतच चाळला. निम्मा चाळून झाल्यावर लक्षात आलं, सगळा पुन्हा वाफेवर ठेवला. आता त्याला धुऊन, वाळवून ठेवलेली वेगळी चाळणी आहे, तिला घरात कुणी हात लावत नाही. वाफेनंतर मंद आचेवर सतत हलवत कोरडा करायचा, चांगला कडकडीत तापू द्यायचा, रंग बदलायच्या आत उतरवायचा आणि पुरता गार होऊ द्यायचा. मग घरी कढवलेलं तूप, पिठीसाखर, वेलदोडा, मिठाची कणी. दूध घालायचंच असेल तर उकळून गार केलेलं, आणि मग तो गोळा त्याच दिवशी संपवायचा.

आधी मी एकटीनं खाल्लं. चार दिवस जाऊ दिले. मग ह्यांना दिलं. मग लेकीला. ती तेव्हा कॉलेजात होती, वेणी घालता घालता तोंड उघडलं तिनं, आणि वेणी तशीच राहिली. डोळे मिटून म्हणाली, "आई, हा तोच." मी परातीतला दुसरा गोळा तिच्या तोंडात घातला.

खरी परीक्षा तिच्या लग्नात झाली. स्थळ हसनाबादचं, शेतीवाडीचं भरलं घर. लग्न मंठ्याला, थंडीत, तूप घट्ट राहील असे दिवस. नवरीकडचं रुखवत मांडायचं, म्हणजे पोरीच्या माहेरचा हात सगळ्या वऱ्हाडानं बघायचा. लेक हटून बसली, रुखवतात हा गोळा पाहिजेच. तुझा धाकटा, म्हणजे तिचा मामा, तिथंच कमरेवर हात ठेवून उभा. त्या दिवाळीला सलाईनची बाटली धरून तोच उभा होता ना, तो कसा विसरणार? मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, कच्चं पीठ वऱ्हाडाला? एकाला बाधलं तर जन्मभर तोंड दाखवायची सोय न्हाई. मायनं ह्यापायीच हात आखडला व्हता." मी सांगितलं, ह्यापायीच मी मांडणार आहे. बोलले खरी, पण ताट मांडायच्या आधी दोन गोळे मोडून पुन्हा बघितले. पीठ फोडून बघितलेलं, पुरचुंडी न पुरचुंडी, तरी.

विहीणबाई आल्या. मोठी नथ, मोठा आवाज. करंज्या बघितल्या, अनारसे उलटून बघितले, आणि ह्या पांढऱ्या गोळ्यांपाशी थांबल्या. म्हणाल्या, "भट्टी बंद पडली का काय ओ इहीणबाई? भाजायचं राहून गेलं वाटतं." त्यांच्याकडच्या बायका पदरात हसल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात लेक पुढं झाली. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या. तिनं एक गोळा उचलला, स्वतः खाल्ला, सगळ्यांदेखत. मग दुसरा उचलून सासूपुढं धरला. "आत्याबाई, पीठ आधी उकडून शिजवलंय. हे असंच खायचं असतं."

विहीणबाईंनी तो तोंडात घातला. नथ तेवढी हलत होती. आणि मग हात पुढं केला, "अजून एक दे."

माय, ताट रुखवतात उरलंच नाही. वऱ्हाडातल्या बायकांनी पदरात बांधून नेलं. पण माझा जीव अजून टांगलेलाच. वरात हसनाबादला गेली, आणि दोन दिवसांनी धाकटा मुराळी म्हणून लेकीला आणायला गेला. त्याला बजावून पाठवलं, सगळ्यांच्या पोटाचं विचारून ये. तो परत आला तो दारातूनच सांगत, "सगळे ठणठणीत. एकच तक्रार हाय, डबा का धाडला न्हाई म्हणून." मग स्वयंपाकघरात आला, फडताळातला गोळा स्वतःच्या हातानं घेतला. इतक्या वर्षांत त्यानं कच्च्या कणकेकडंही बघितलं नव्हतं. उभ्या उभ्या खाल्ला, बोटं चाटली, आणि म्हणाला, "तवाच कुणी मायला सांगितलं असतं तर."

म्हणून आता मी सांगते. तुझा हात साफ होता. त्या दिवशी पाणी बाधलं का पीठ, देव जाणे, पण हात बाधला नाही. आज माझी नात, तुझी पणती, तेव्हाच्या तिच्या आईएवढी आहे. परातीपुढं बसते, तोंड उघडते, आणि मी माझ्या हातानं, पोटभर नाही पण मनभर, गोळा घालते. काही होत नाही, माय. ती हसते आणि अजून मागते. हसनाबादला हे गोळे बारशाला होतात, डोहाळजेवणाला होतात, मंठ्याच्या पोरी रीत विचारायला माझ्या ओट्यावर येऊन बसतात. आणि मी सगळ्यांना आधी चाळणीचं सांगते.

हे पत्र टपालात पडायचं नाही, मला कळतं. तरी एक सांगून टाकते. रुखवतापाशी विहीणबाईंनी दुसरा गोळा खाऊन विचारलं होतं, ही कुणाची रीत. मी बेधडक सांगितलं, माझ्या मायची. तेव्हापासून हसनाबादला सगळीकडं ती तुझ्याच नावावर चालते, आणि मला ते काही दुरुस्त करायचं नाही. हसनाबादचं कुणी तिकडं आलंच आणि तुला विचारलंच, तर बिलकुल नाही म्हणू नको. पीठ आधी उकडून घेत होते, एवढंच म्हण. आणि काय म्हणालीस ते मला जल्दी लिहून कळव.